शेपटीवाला बे

आमच्या मास्तरांकडे एक सायकल होती आणि तिच्यावर ते कधी बसले नाहीत. हँडल धरून ते तिच्या शेजारून चालायचे. मागे पुस्तकांचा गठ्ठा बांधलेला, पुढे छत्री लटकवलेली आणि मास्तर आपले पायी. कुणी विचारलंच तर सांगायचे, "माझे पाय चांगले हाईत रं. पुस्तकांना पाय न्हाईत, म्हणून सायकल घेतली." खडेबाजारातून ही जोडी निघाली की ओळखीचे लोक पटकन दुकानात शिरायचे. सायकलचा धक्का लागेल ही भीती नव्हती. मास्तर थांबतील आणि "पोरानं विषय कुठले घेतले?" असं विचारतील, ही होती.

नावाला ते इंग्रजीचे मास्तर. खरा उद्योग दुसऱ्यांच्या पोरांचे विषय ठरवण्याचा. तेव्हा पाचवी इंग्रजी संपली की मॅट्रिकसाठी विषय निवडायला लागत. काही सगळ्यांना सारखे, बाकीचे ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे ज्याच्या त्याच्या इच्छेचे, असं शाळेच्या पत्रकात छापलेलं असे. आमच्या शाळेत ती इच्छा मास्तरांची असे. हेडमास्तरांनी हे काम कधीतरी त्यांच्या गळ्यात घातलं होतं, आणि मास्तरांनी ते गळ्यातून काही काढलं नाही.

त्यांचं म्हणणं असं, की पोरगं मॅट्रिकला बसतं तेव्हा ते कॉलेजच्या दारात उभं असतं, आणि दार कुठलं उघडणार हे दोन वर्षं आधी ठरून गेलेलं असतं. गणित आणि शास्त्र घेतलं नाही तर सायन्सचं दार बंद. संस्कृत सोडलं तर आणखी कुठलंतरी बंद. "सगळी दारं उघडी ठेवायची," ते म्हणायचे, "वारा आला तर येऊ दे." ते स्वतः कॉलेजात एकच वर्ष होते. त्यांच्या मामानं त्यांना शाळेत फारसी घ्यायला लावली होती, कारण मामाच्या मते फारसी येणारा माणूस कोर्टात उपाशी मरत नाही. पुढे कॉलेजात मास्तरांना गणित हवं होतं आणि त्यांच्याजवळ फारसी होती. मामाचा विषय निघाला की मास्तर अजून छत्री आपटायचे.

एका वकिलाच्या मुलाला त्यांनी गणित, शास्त्र, संस्कृत आणि वर चित्रकला, असं सगळंच लावलं होतं. वकीलसाहेब शाळेत तक्रार घेऊन आले, पोरगं वाळलं म्हणून. मास्तर म्हणाले, "वाळू द्या. वाळलेलं लाकूडच पेटतं." वकील कोर्टात फार बोलणारे, पण यावर त्यांनी टोपी घातली आणि ते घरी गेले. तो मुलगा पुढे मोठा डॉक्टर झाला, हे सांगायला हवं. आणि चित्रं मात्र त्यानं आयुष्यात काढली नाहीत, हेही.

पण सगळ्यांना ते असं लादायचे असं नाही. त्यांचं एक माप होतं. विषय ठरवायला ते मुलांना मे महिन्यात शहापुरातल्या आपल्या घरी बोलवायचे आणि अभ्यासाचं सोडून बाकी सगळं विचारायचे. घर शाळेपासून किती लांब? घरात कंदील किती? पाव्हणे किती येतात आणि आले की उठतात कधी? आणि आम्हा खेड्यातल्या पोरांना हमखास, "म्हशी किती?" त्यांचा हिशोब ठरलेला होता. दर दोन म्हशींमागे एक विषय कमी. संस्कृत आणि दोन म्हशी एका घरात नांदत नाहीत, हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की आम्हाला वाटायचं, युनिव्हर्सिटीनंच तसा नियम केलाय.

मास्तरांची दहाएक वर्षं गोकाक-धारवाडकडे नोकरीत गेली होती. त्यामुळे जेवायचे मराठीत आणि रागवायचे कन्नडमध्ये. वर्गात गलका झाला की "सुम्न कुंद्रू", म्हणजे गप बसा. आणि विषयांची चिठ्ठीही ते अर्धी कन्नडच लिहायचे. पिवळ्या कागदावर विषयांची नावं, आणि प्रत्येकापुढं एक अक्षर: बे. आता कन्नडमध्ये बेकु म्हणजे हवं आणि बेड म्हणजे नको. दोन्हीची सुरुवात बे. मास्तरांना पुरता शब्द लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. बेकु असेल तर बे-च्या पुढं एक शेपूट वर जाणारं, बेड असेल तर शेपूट खाली. शाळेचे म्हातारे कारकून या शेपटांना इतके सरावले होते की चष्मा न लावताही त्यांना ती वाचता यायची. चिठ्ठी आम्हीच त्यांच्याकडं न्यायची, ते रजिस्टरात चढवायचे, की झालं.

मी कंग्राळीचा. आमच्या घरी चार म्हशी. दूध कॅम्पात घालायला मी जायचो, गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर आणि तिथल्या दुकानदारांकडे. तिथून परत फिरून शाळेत. पावसाळ्यात मार्कंडेय नदी भरली की दोन-दोन दिवस पलीकडे जाता यायचं नाही, दूध नासायचं, आणि आमचे वडील, अण्णा, नदीला शिव्या देत बसायचे. मी लहानपणीच ठरवून टाकलं होतं की आपण मोठं होऊन या नदीवर पूल बांधायचा. पूल बांधायला इंजिनेर व्हावं लागतं, इंजिनेर व्हायला सायन्सच्या कॉलेजात जावं लागतं, आणि तिथं जायला मॅट्रिकला गणित आणि शास्त्र लागतं, एवढं मला मास्तरांच्याच तोंडून कळलं होतं.

अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. "एकदा बसायचं. पास झालास तर पुढचं बघू. पडलास तर दुसरी खेप न्हाय. म्हशी हाईतच." अण्णा बोलले की बदलत नसत. आई मध्ये बोलायला गेली तर तिला म्हणाले, "पाच वर्सं दुसऱ्याच्या दारात दूध घालून शिकिवलंय, आनी काय करू?" म्हणजे हलके विषय घेतले तर मॅट्रिक नक्की आणि पूल नाही. अवघड घेतले तर पूल होण्याची आशा, पण पडलो तर शाळाही संपली.

माझ्याबरोबर मच्छे गावचा परशा होता. पहिली इंग्रजीपासून आम्ही एका बाकावर. परशाला गणित असं यायचं की गणिताच्या मास्तरांनी फळ्यावरचा आकडा पुसायच्या आत त्याचं उत्तर तयार. मला यायचं नाही असं नाही, पण मला वेळ लागायचा, आणि वेळ वाचावा म्हणून मी त्याच्या वहीतून उतरवून घ्यायचो. तो वही माझ्याकडं सरकवायचा आणि वर म्हणायचा, "नीट लिव. सात हाय तो, एक न्हाय."

आम्ही दोघं एकाच दिवशी मास्तरांकडे गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते, सायकल शेजारी भिंतीला टेकवलेली.

"म्हशी किती?"

"चार, सर."

"दूध कोण घालतं?"

"मी. कॅम्पात."

"किती वाजता उठतोस?"

"कोंबडा आरवायच्या आधी."

मास्तरांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, लिहिलं, चिठ्ठीची घडी घालून हातात दिली. परशाला विचारलं तर त्याच्याकडं म्हशी दोनच, पण भात बरंच, धाकटी भावंडं पाच, आणि बाप दम्यानं अंथरुणाला खिळलेला. त्यालाही घडी मिळाली.

घडी उघडायची नाही असा नियम होता. आम्ही ती गल्लीच्या कोपऱ्यावरच उघडली. दोघांच्याही चिठ्ठीत गणितापुढं बे, शास्त्रापुढं बे, आणि दोन्हींची शेपटं खाली. आमच्या चारही म्हशींची शेपटं त्या कागदावर आल्यासारखी मला वाटली. परशानं घडी पुन्हा तशीच घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

आता झालं असं, की त्याच वर्षी म्हातारे कारकून पेन्शनीत निघाले होते आणि त्यांच्या जागी बैलहोंगलकडचा नवा माणूस आला होता. मराठी त्याला बेताचीच. त्याच्यासमोर पोरांची रांग लागलेली. माझी चिठ्ठी हातात घेऊन त्यानं ती उलटी केली, सुलटी केली. शेपटं त्याला कोण सांगणार? मास्तरांना जाऊन विचारायचं तर नव्या माणसाची छाती होईना. त्यानं माझ्याकडंच पाहिलं आणि विचारलं, "बेको? बेडो?"

हवं का नको, एवढंच त्यानं विचारलं होतं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"बेकु," मी म्हणालो.

त्यानं रजिस्टरात गणित लिहिलं, शास्त्र लिहिलं. मी बाजूला झालो. माझ्या मागं परशा. मी त्याला कोपरानं ढोसलं. त्याला कळलं, मला माहीत आहे त्याला कळलं, कारण तो माझ्याकडं बघून किंचित हसला. कारकुनानं विचारलं, "बेको? बेडो?"

"बेड," परशा म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर चिडलो. तो म्हणाला, "मास्तरानं बेड लिवलंय. मग बेकु कसं सांगायचं?" त्याचा आवाज अगदी साधा होता, मला वेडावण्याचा त्यात काही भाग नव्हता. मला त्याचा राग आला, आणि स्वतःची लाजही वाटली, पण लाज मी फार वेळ टिकू दिली नाही.

शाळा सुरू झाली आणि माझे हाल सुरू झाले. शास्त्र कसंबसं कळायचं. बीजगणित मात्र समोर नदीसारखं, पलीकडे जायला वाट नाही. परशा आता त्या तासाला दुसऱ्या वर्गात बसायचा, त्यामुळं वही सरकवणारंही कुणी नाही. मास्तर वऱ्हांड्यातून गेले की मी पुस्तकात तोंड घालायचो. त्यांना कळलं तर काय होईल, हे एक, आणि मी पडलो तर अण्णा काय करतील, हे दुसरं. ही दोन भयं घेऊन मी जून काढला.

जुलै लागला. एका सकाळी दूध घालून कॅम्पातल्या चर्चपाशी आलो तर समोर मास्तर. सायकल हातात. मागे गठ्ठ्याच्या जागी पाटी बांधलेली.

"डॉक्टरनं सकाळी चालायला सांगितलंय," मास्तर म्हणाले. "तू शाळंकडंच चाललास न्हवं? चल मग. येकटं चालायला कंटाळा येतोय."

मी चालू लागलो. चार पावलं गेल्यावर ते म्हणाले, "एक संख्या हाय. तिची दुप्पट केली, तीन वजा केलं, सतरा झालं. संख्या कुठली?" मी बोटं मोजायला लागलो. ते म्हणाले, "बोटं दुधाच्या किटलीला लाव. पाटीवर क्ष लिव." आणि सायकलवरच्या पाटीवर, चालता चालता, मी पहिला क्ष लिहिला. सायकल डुगडुगत होती, त्यामुळं माझा क्ष कुत्र्यासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशीही मास्तर तिथंच. तिसऱ्या दिवशीही. पुढं दोन वर्षं, पावसाळ्यात छत्री पाटीवर धरून आणि स्वतः भिजत, ते मला कॅम्पापासून शाळेपर्यंत बीजगणित शिकवत होते. लोक हसायचे. एका दुकानदारानं विचारलं, "मास्तर, सायकलीला शिकिवताय का पोराला?" मास्तर म्हणाले, "दोघांत जो पास हुईल तो." मला वाटायचं, डॉक्टरनं सांगितलेलं चालणं माझ्या पथ्यावर पडलं. मास्तरांचं घर शहापुरात, कॅम्पाच्या पार उलट्या अंगाला, आणि शाळा त्या दोन्हींच्या मध्ये, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. भूगोल मला येत होता. तो इथं लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

मी मॅट्रिक पास झालो. गणितात थोडक्यात नाही, चांगला पास झालो. अण्णांनी निकाल ऐकला, म्हशींना वैरण घातली, हात धुतले आणि म्हणाले, "पुण्याला किती लागतंय बघ." अण्णांच्या तोंडून इतका मोठा आनंद मी त्याआधी ऐकला नव्हता. परशाही पास झाला. त्याचा बाप त्या उन्हाळ्यात गेला होता. परशा कॅम्पात एका कोठारावर कारकून म्हणून लागला.

मी आमच्याकडची दुधाची मिठाई, कुंदा, घेऊन मास्तरांकडे गेलो. पुण्याला जायच्या आधी एकदा खरं सांगून टाकायचं, असं मनाशी ठरवलं होतं. मास्तरांनी कुंद्याचा पहिला घास तोंडात टाकल्यावर मी सुरुवात केली.

"सर, त्या चिठ्ठीत..."

"शेपूट खाली होतं," मास्तर म्हणाले.

मी दचकून वर पाहिलं.

"जूनमध्येच कळलं. शास्त्राच्या हजेरीत तुझं नाव दिसलं. कारकुनाला विचारलं तर म्हणाला, पोरानंच सांगितलं बेकु."

"मग खोडलं का न्हाई, सर?"

"खोडायला गेलतो. रजिस्टरात खोडायचं म्हंजे हेडमास्तरांना अर्ज लागतो, कारणासकट. लिवायला बसलो. काय लिवणार? पोरगं खोटं बोललं, असं तरी लिवायचं, न्हाय तर पोराला शिकायचंय आनी मी नको म्हटलं, असं तरी. पयलं लिवलं तर तुझं नाव खराब. दुसरं लिवताना मला माझा मामा आठवला." त्यांनी आणखी कुंदा घेतला. "म्हणून म्हटलं, चालायला जाऊ."

ते खूश होते. कुंदा खाताना त्यांच्या मिशीला लागला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांच्या पाया पडलो. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "त्या दिवशी रांगेत तुझ्या मागं कोण होतं रं?"

"परशा, सर. मच्छ्याचा."

"त्याला बी विचारलं का कारकुनानं? बेको बेडो?"

"व्हय."

"काय म्हणाला?"

"बेड म्हणाला, सर. तुमी लिवलं होतं म्हणून."

मास्तरांनी कुंद्याचा द्रोण खाली ठेवला. परशाचं गणित त्यांना माहीत होतं. शाळेत ते सगळ्यांनाच माहीत होतं. ते भिंतीला टेकवलेल्या सायकलकडं पाहत बसले.

"तू खोटं बोललास म्हणून मला माझी चूक कळली," ते म्हणाले. "खरं बोललेली किती असतील रं? वीस वर्सं चिठ्ठ्या लिवतोय मी."

मी निघालो तेव्हाही ते तसेच बसले होते. मिशीला कुंदा होता, आणि तो पुसा म्हणून सांगायचं मला धाडस झालं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून आलो तेव्हा रविवारी मच्छ्याला गेलो. परशा शेतात भात कापत होता, कोठाराची सुट्टी होती म्हणून. मी बांधावर बसलो. त्यानं पुण्याचं सगळं विचारून घेतलं, कॉलेजात गणित कुठवर आलंय तेही विचारलं. मी सांगत होतो आणि तो विळा न थांबवता ऐकत होता. एका ठिकाणी मी चुकलो तर त्यानं वर न बघता दुरुस्तही केलं.

मग म्हणाला, "मास्तर आलतं हितं. श्रावणात. सायकल घिऊन, चालत."

"मच्छ्यापर्यंत?"

"व्हय. चिखलातनं. सायकलीवर बीजगणिताचं पुस्तक बांधलं होतं. म्हणालं, परशा, माझं चुकलं. तुझं गणित मी मारलं. आता पुन्हा बसतोस का परीक्षेला, मी शिकिवतो. रोज येतो म्हणालं."

"मग?"

"मग काय. माझी पाच भावंडं हाईत. कोठार सोडून कसं जमायचं?" त्यानं कापलेल्या भाताची पेंढी बांधली. "पर तसं सांगितलं असतं तर मास्तर पार खचलं असतं. मी म्हटलं, सर, तुमी बरोबरच लिवलं होतं. मला गणित कधी आवडलंच न्हाई."

"आणि त्यांना खरं वाटलं?"

"दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला मी तेच सांगितलं. मग त्यांचं तोंड जरा सैल झालं. ताक प्यालं, आईची चौकशी केली, आनी गेलं."

हाच परशा कारकुनासमोर एक शब्द खोटा बोलला नव्हता.

"खोटं बोललास तू," मी म्हणालो.

"व्हय," परशा म्हणाला. "तुझ्याकडनं उतरवून घेतलेलं तेवढंच एक."